गोजराबाईंचा डेन्मार्कचा डबा

भैरोबाच्या वाडीत मी ग्रामसेवक म्हणून रुजू झालो एकोणीसशे अठ्ठावन्नच्या जूनमध्ये, आणि पहिल्याच आठवड्यात गोजराबाईंशी माझं भांडण झालं. कारण एक पितळेचा लोटा.

नवीन माणूस, एकटा राहतो, म्हणून त्यांनी मला लोटाभर ताक पाठवलं होतं. मी ते प्यालो, लोटा राखेनं लख्ख घासला आणि परत पाठवून दिला. माझ्या मते सभ्यतेची कमाल झाली होती. अर्ध्या तासात गोजराबाई चावडीत हजर. काटकुळ्या, पन्नाशीच्या, डोक्यावरून पदर, आणि आवाज असा की आढ्यावरचे पारवे उडाले. लोटा माझ्या टेबलावर आदळून म्हणाल्या, "भाऊसायेब, काय चुकलं का माझं?"

"नाही हो. का?"

"मग लोटा रिकामा का धाडला?"

मी तेव्हा तापट होतो. आजही आहे, पण तेव्हा सरकारी तापट होतो. मी त्यांना सुनावलं की मला कामं आहेत, लोट्यात घालायला माझ्याकडे काही नाही, आणि असला नियम कोणत्याही कायद्यात नाही. त्या हलल्या नाहीत. दारात उकिडव्या बसल्या. शेवटी वैतागून मी कोपऱ्यातल्या सरकारी खताच्या पोत्यातून ओंजळभर अमोनियम सल्फेट काढलं आणि लोट्यात ओतलं.

"आस्सं," म्हणाल्या, आणि समाधानानं निघून गेल्या. ते खत त्यांनी परसातल्या मिरचीला घातलं. त्या वर्षी त्यांच्या मिरच्या बोटभर लांब झाल्या, आणि त्यातल्या निम्म्या माझ्याच ताटात आल्या.

दुसऱ्याचं भांडं घरात ठेवून घ्यायचं नाही आणि परत करताना रिकामं करायचं नाही, हा नियम तसा आपल्याकडे सगळ्याच घरांत आहे. पण लोक तो पाळतात, आणि गोजराबाई तो राबवत. एकदा आमच्या तालुक्याच्या ठिकाणचे, पौडचे, एक साहेब आपला थर्मास वाडीत विसरून गेले. तो त्यांना परत मिळाला तेव्हा आत कुळथाचं माडगं होतं. साहेबांनी भर कचेरीत चहा समजून तो तोंडाला लावला, असं मला पौडच्या शिपायानं डोळे पुसत सांगितलं.

त्यामागचं कारण मला फार उशिरा कळलं. नवरा जाऊन त्यांना वीस वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. गावात कुणाची ओटी भरायची असो, नवरीला हळद लावायची असो, विधवा म्हणून गोजराबाईंना मागे राहावं लागे. वाटी मात्र कुणी अडवत नसे. वाटी एका घरून दुसऱ्या घरी जायची, भरून परत यायची, आणि तेवढ्यापुरती गोजराबाई गावातल्या प्रत्येक घरची असायची. मला हे आधी कळलं असतं तर मी लोट्यावरून आवाज चढवला नसता. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

असो. आता संडासाकडे वळू, कारण पुढचं सगळं त्याच्यामुळे झालं.

दर गावात एक आदर्श संडास बांधायचा असा वरून हुकूम आला होता. वाडीत आपल्या घराजवळ तो कुणालाच नको होता. सरपंच हैबतराव म्हणाले, "भाऊसायेब, घराला टेकून असलं काय बांधत्यात व्हय?" शेवटी गोजराबाईंनी जागा दिली. "बांधा," म्हणाल्या, "पावसाळ्यात गवऱ्या ठिवायला बरं." आणि खरोखरच त्यांनी त्यात छतापर्यंत गवऱ्या रचल्या. मी पौडला अहवाल पाठवला: संडास पूर्ण वापरात आहे. यात एक अक्षर खोटं नव्हतं.

साठ सालच्या दिवाळीनंतर पत्र आलं की डेन्मार्क नावाच्या देशातलं एक खेडं आपल्या भागातल्या एका खेड्याशी मैत्री करू इच्छितं. तिकडचे चार शेतकरी जानेवारीत येऊन दोन रात्री राहतील, इकडची शेती पाहतील. मग पुढे इकडचे तिकडे जातील. निवडीचं कारण पत्रात स्पष्ट लिहिलं होतं: सदर गावी आदर्श संडास असून तो पूर्ण वापरात आहे.

मी ते पत्र तीनदा वाचलं, आणि मग गोजराबाईंच्या गवऱ्या उपसायला गेलो.

हैबतरावांनी पत्रातलं एकच वाक्य ऐकलं, इकडचे तिकडे जातील. ते दुसऱ्याच दिवशी पुण्याला जाऊन काळ्या कोटाचं माप देऊन आले. "डेन्मार्क मुंबईच्या पल्याड हाय का अल्याड?" एवढंच त्यांनी मला विचारलं. पल्याड, म्हटल्यावर ते अस्तर गरम घ्यायला परत शिंप्याकडे गेले.

पाहुणे आले. बरोबरचा दुभाषा मुठा घाटातली वळणं न सोसल्यामुळे गाडीतच आडवा पडला होता, तो दोन दिवस तसाच राहिला. त्यामुळे वाडीतलं सगळं इंग्रजी माझ्या एकट्याच्या अंगावर आलं. माझं इंग्रजी मॅट्रिकचं आणि पाहुण्यांचंही साधारण तेवढंच, म्हणून आमचं चांगलं जमलं.

चौघांत एक नवराबायको होती. नवरा ऑले, सहा फूट चार इंच. वाडीतल्या चौकटी पाच फुटांच्या. त्याचं कपाळ पहिल्या दिवशीच सगळ्या घरांना ओळखायला लागलं. फेटा बांधल्यावर तो आणखी उंच झाला आणि गाडीच्या दारात अडकला. पोरंबाळं त्याला "उंच्या" म्हणू लागली आणि संध्याकाळपर्यंत तो त्या नावाला ओ द्यायला लागला. बायको इंगर, गोरीपान, दणकट, हसरी. पुरुष हैबतरावांकडे उतरले आणि इंगरबाईला संडासाच्या सोयीनं गोजराबाईंच्या घरी ठेवलं.

सरपंचीण चंद्राबाईंनी वेशीत पाहुण्यांना ओवाळलं. गोजराबाई नेहमीप्रमाणे मागं, पारापाशी उभ्या. इंगरबाईला यातलं काय माहीत? ती ओवाळणं झाल्यावर सरळ पाराकडे गेली, आपल्या यजमानिणीचा हात धरला आणि फोटोसाठी तिला मधोमध आणून उभी केली. पाचदहा बायकांनी तोंडाला पदर लावला. गोजराबाईंनी मान खाली घातली ती फोटो निघाल्यावरच वर केली. त्या फोटोत सगळे आहेत, आणि मधे फक्त एक पदर आहे.

त्या दोघींना एकमेकींचं अक्षर कळत नव्हतं, तरी त्या दिवसभर बोलत होत्या. मी मधे पडायला गेलो तर गोजराबाईंनी मला हाकलून दिलं. "तुमी कशाला? समदं कळतंय मला. तिच्या तीन गायी हायेत, एक मारकी हाय." मी खात्री करून घेतली. गायी तीस होत्या, पण एक मारकी होती हे बरोबर निघालं. इंगरबाईनं गोजराबाईंची म्हैस पिळायचा हट्ट धरला. म्हशीनं आधी तिला, मग तिच्या टोपीला नीट पाहून घेतलं आणि टोपी खाल्ली. त्यावर दोघी इतक्या हसल्या की दुधाची चरवी कलंडली.

रात्री इंगरबाईनं पेटीतून एक निळा पत्र्याचा डबा काढला. झाकणावर पवनचक्की, आत लोण्याची बिस्किटं. डबा तिनं गोजराबाईंच्या हातात ठेवला. गोजराबाईंनी एक बिस्कीट खाल्लं, बाकीची सकाळी आळीभर वाटली आणि डबा घासून चुलीजवळ पालथा घातला. पाहुणी दुसऱ्या दिवशी जायची होती. त्याआधी डबा भरून परत जायला हवा होता.

पण बिस्किटं वाटली की बातमी पसरायचीच. दुपारी हैबतराव आले, "वयनी, बघू तर," म्हणत डबा उचलून घेऊन गेले आणि त्यांनी तो पंचायतीच्या काचेच्या कपाटात ठेवला. वर चिठ्ठी: डेन्मार्क देशाकडून सरपंच श्री. हैबतराव यांस सप्रेम.

गोजराबाई धावत माझ्याकडे आल्या. त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. आवाज बारीक झाला होता. "भाऊसायेब, ती उद्या जातीया. भांडं हितंच ऱ्हायलं तर काय म्हनंल? म्हनंल, गोजरानं खाल्लं आन् भांडं दडीवलं."

मी हैबतरावांकडे गेलो. ते म्हणाले, "भाऊसायेब, ती गावाला भेट हाय. पुढं डेन्मार्कला जायचं तर कायतरी पुरावा नको का?" मी तापलो, ते तापले, आणि डबा कपाटातच राहिला.

पाहुण्यांच्या निघण्याच्या दिवशी सकाळी सहाला ऑलेसाहेब तांब्या घेऊन नेहमीप्रमाणे आदर्श संडासाकडे आले. दाराला कुलूप होतं. किल्ली गोजराबाईंच्या कमरेला होती, आणि गोजराबाई जोत्यावर बसल्या होत्या.

उंच्यानं कुलूप पाहिलं, गोजराबाईंकडे पाहिलं, आणि कुठलासा स्थानिक सण असावा असं समजून तो अदबीनं जोत्यावर बसला. दारी आलेल्या माणसाला तसंच कसं बसवायचं, म्हणून गोजराबाईंनी त्याला चहा दिला. मग आणखी एक कप दिला. तोवर मागून दुसरा पाहुणा तांब्या घेऊन आला, मग तिसरा. त्यांनाही चहा मिळाला. चहा संपत आला तसे तिघंही बसल्या जागी हळूहळू डुलायला लागले.

मला निरोप मिळाला तेव्हा मी दाढी करत होतो. अर्धा गाल साबणाचा घेऊन पळत आलो. "गोजराबाई, उघडा! हे परदेशी पाहुणे आहेत! दोन देशांचा प्रश्न आहे!"

"व्हय ना. म्हनून तर. डबा आना, किल्ली घ्या."

मी तसाच हैबतरावांकडे धावलो. त्यांनी परिस्थिती ऐकली, खिडकीतून डुलणारा फेटा पाहिला, आणि पंचायतीत जाऊन कपाट उघडलं. डबा घेऊन स्वतः आले आणि गोजराबाईंच्या पायाशी ठेवला. "घ्या वयनी. पन गावाची अब्रू घालीवली तुमी."

"आता ऱ्हायली, भावजी," म्हणाल्या, आणि किल्ली थेट ऑलेसाहेबाच्या हातात दिली. सहा फूट चार इंचाचा माणूस इतक्या चपळाईनं वाकलेला मी पाहिला नाही. त्या एकाच चौकटीला त्याचं कपाळ लागलं नाही.

डब्यात गोजराबाईंनी आपल्या खाचरातला नवा आंबेमोहोर भरला, दाबून, ठोकून, वर एक सुपारी. गाडी सुरू होत होती तेव्हा त्यांनी तो खिडकीतून आत दिला. इंगरबाई हसून नको नको म्हणाली, ठेव तुला, म्हणाली. गोजराबाईंचा चेहरा उतरला. मग मी मधे पडलो आणि मला येत होतं तेवढ्या इंग्रजीत सगळा नियम सांगितला. दुसऱ्याचं भांडं ठेवायचं नाही. रिकामं परत करायचं नाही. इंगरबाईनं चक्क एक छोटी वही काढली आणि लिहून घेतलं.

"तिसरं बी सांगा," गोजराबाई म्हणाल्या.

"तिसरं कुठलं?"

"सुतकाच्या घरचं भांडं रिकामंच येतं. त्यांची चूल बंद असती. रिकामं आलं म्हंजी शेजारनीनं वळकायचं."

"अहो, निघताना कसलं अभद्र सांगायचं?"

"नियम सांगायचा तर पुरता सांगावा."

चालत्या गाडीबरोबर पळत, धूळ खात मी तिसरं कलमही सांगितलं. इंगरबाईनं तेही लिहिलं. मग डबा छातीशी धरून ती गोजराबाईंकडे पाहत राहिली, आणि म्हणाली, म्हणजे आता डबा माझ्याकडे आला, आता पाळी माझी. मी ते मराठीत सांगेपर्यंत गाडी वळणाआड गेली होती. पण गोजराबाईंना समजलं होतं. "येनार परत," म्हणाल्या.

सरकारी मैत्रीचं काय झालं म्हणाल तर वर्षभर पत्रं आली, मग फाईल कुठंतरी गेली. हैबतरावांना बोलावणं आलंच नाही. गरम अस्तराचा तो कोट त्यांनी पुढं वैशाखातल्या सगळ्या लग्नांना घातला आणि घामानं न्हाऊन निघाले.

डबा मात्र आला. त्याच वर्षी, पानशेत फुटल्यानंतर पुण्याचं टपाल रुळावर आलं तेव्हा, भादव्यात. पोस्टमन बहिरू तो पिशवीत न ठेवता हात लांब करून धरत आला. आत चीज होतं. चीज म्हणजे काय हे वाडीत कुणालाच ठाऊक नव्हतं, पण वास सगळ्यांना आला. हैबतराव म्हणाले, आत उंदीर मेलाय. कुत्र्यानं हुंगून पाठ फिरवली. शेवटी मेंढरं राखणाऱ्या धुळाजीनं तुकडा तोंडात टाकला, चावला, आणि म्हणाला, "बिघडलंय, पन चांगलं बिघडलंय." मग त्यानं सगळंच संपवलं.

गोजराबाईंनी उत्तरादाखल कुरडया पाठवल्या. महाशिवरात्रीच्या सुमारास लोकरीचे मोजे भरून डबा परत आला, बरोबर फोटो. फोटोत नाताळचं झाड, आणि झाडाला सोनेरी दोऱ्यांनी टांगलेल्या आमच्या कुरडया. शेजारी उंच्या, फेटा घालून. गोजराबाईंनी फोटो खूप वेळ न्याहाळला. "एवढा मोठा मुलूख," म्हणाल्या, "पन तळायला त्याल न्हाई बिचाऱ्यांकडं." मोजे त्यांनी थंडीत म्हशीच्या शिंगांना घातले. तोही फोटो मी काढवून पाठवला. तो डेन्मार्कच्या त्या गावच्या पंचायतीत लावला आहे, असं इंगरबाईनं कळवलं.

वर्षातून दोनदा डबा समुद्र ओलांडत राहिला. पौडच्या पोस्टात मी फॉर्म भरायचो: वस्तू, वाळवलेली. माझी बदली दोनदा आली आणि दोनदा मी ती थांबवून घेतली. लोकांना वाटलं गावाचा लळा लागला. खरं सांगायचं तर डब्यात आता काय येतं हे मला बघायचं होतं.

पासष्ट साली गोजराबाईंनी नाचणीचे पापड भरून डबा पाठवला. तो परत आला नाही. लढाई झाली, लोक म्हणाले बोट बुडाली. वर्ष गेलं. हैबतराव म्हणाले, "वयनी, इसरले ते तुमाला. गोऱ्या लोकांचं असंच असतं." गोजराबाई म्हणायच्या, "भांडं तिच्याकडं हाय. मंग कशी इसरंल?" पण रोज बहिरूची वाट पाहायच्या. त्या उन्हाळ्यात त्या बसल्या जागी थकल्यासारख्या दिसायला लागल्या आणि मला पहिल्यांदाच त्यांची काळजी वाटली.

सहासष्टच्या श्रावणात डबा आला. बहिरू आळीभर ओरडत आला, आणि नेहमीप्रमाणे सगळी वाडी जोत्यापुढं जमली. पत्र वरच्या कापडात शिवलेलं होतं, ते मी उसवत बसलो. गोजराबाईंनी तोवर झाकण काढलं.

आत काही नव्हतं. घासलेला, लख्ख, रिकामा डबा.

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. चंद्राबाई म्हणाल्या, "अगं बया! रिकामाच?" हैबतरावांनी मिशीवरून हात फिरवला. "म्हनलं नव्हतं?" मला संताप आला, पाच वर्षांचं टपाल डोळ्यांपुढं आलं, आणि मी त्या परक्या बाईला मनातल्या मनात नको ते बोललो.

गोजराबाई डब्याच्या तळाशी बघत होत्या. मग त्यांनी पदर डोक्यावरून पुढं ओढला. "भाऊसायेब," अगदी हळू म्हणाल्या, "बघा, कोन गेलं तिचं?"

मी पत्र उघडलं. चार ओळी होत्या. ऑले आजारी होता, वर्षभर. आता तो नाही. घरात मी काही करत नाही. तिसरा नियम माझ्या वहीत आहे.

मी वाचून दाखवलं. "उंच्या गेला," गोजराबाई म्हणाल्या, आणि रडल्या, मोठ्यानं, भाऊ गेल्यासारख्या. हैबतरावांनी डोक्यावरची टोपी काढली.

सुतकाच्या घरी शेजारणीनं भाकरी-पिठलं न्यायचं असतं. गोजराबाईंनी त्याच संध्याकाळी नाचणीच्या भाकरी केल्या, निखाऱ्यावर कडक वाळवल्या, आणि लसणाची चटणी पुरचुंडीत बांधली. मी म्हणालो, अहो, बोटीनं दीड महिना लागतो, बुरशी येईल, ती खाणार कशी?

"न्हाई खाल्ली तर न्हाई. दारात भाकर आली पायजे."

चंद्राबाई त्यांच्याकडची एक भाकरी घेऊन आल्या. मग दुसऱ्या घरची आली. झाकण बसेना, तेव्हा हैबतरावांनी गुडघा ठेवून ते दाबलं. पौडच्या पोस्टात कारकुनानं विचारलं, "वस्तू काय?" मी वाळवलेली असं लिहिलं आणि पुढं मला काही दिसेना. रागीट माणसानं पोस्टात रडू नये, पण मी रडलो.

माघात डबा आला. या वेळी वाडी जमली खरी, पण कुणी पुढं येईना. बहिरूनं तो हलवूनही पाहिला नव्हता. गोजराबाईंनी एकटीनं झाकण काढलं.

लोण्याची बिस्किटं. घरी केलेली, वेडीवाकडी, एका बाजूनं करपलेली.

"पेटली गं बाई," गोजराबाई म्हणाल्या, "चूल पेटली तिची." आणि करपलेलं बिस्कीट आधी स्वतःच्या तोंडात टाकून बाकीची वाटायला उठल्या. हैबतरावांना दोन दिली. मला एकच दिलं, आणि खाऊन होतंय तोच म्हणाल्या, "भाऊसायेब, बसून काय ऱ्हायलाय? डब्यात काय भरायचं, सांगा की."